विस्कॉन्सिनच्या काकांना काय वाटेल?

न्यू जर्सीत एडिसनला घर घेऊन झालं, नागरिकत्वाची शपथ झाली, मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्षही म्हणून झालं. आता तुम्हाला डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचाय. अभिनंदन! आपल्याकडे तिकीट कुणाला ते दिल्लीत ठरतं आणि आपल्याला टीव्हीवर कळतं. तिकडे म्हणे ते साधा मतदार ठरवतो. तेव्हा चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

पहिली म्हणजे, आपल्याला कोण आवडतं हे स्वतःला चुकूनही विचारायचं नाही. तो पोरकट प्रश्न आहे. विचारायचं ते असं, की विस्कॉन्सिनच्या काकांना कोण आवडेल? या काकांना तुम्ही कधी भेटलेला नाही, भेटणारही नाही. तरी त्यांचं मन जपायचं. कारण तिकडे अध्यक्ष देशातल्या एकूण मतांवर नाही, राज्याराज्यांच्या निकालांवर ठरतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त पडली, पण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या काठावरच्या राज्यांत त्या मिळून ८० हजारांच्याही आतल्या फरकाने हरल्या आणि अध्यक्षपद गेलं. तेव्हापासून अख्खा पक्ष काकांच्या तोंडाकडे बघून जेवतो. तिकडे याला इलेक्टेबिलिटी म्हणतात. आपले पुढारी इलेक्टिव्ह मेरिट म्हणतात. आणि आपल्या घरी याला ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात, त्यामुळे तुमची तयारी इयत्ता पहिलीपासूनच झालेली आहे.

सरावाला २०२० ची यादी घ्या. पंचवीसहून जास्त इच्छुक होते. मायामीतला पहिला वादविवाद दोन रात्री, दहा-दहा जणांच्या दोन पंगती मांडून उरकावा लागला. त्या पंगतीत बसायचा एक मार्ग म्हणजे ६५ हजार देणगीदार दाखवणं. मग काय, सिनेटर म्हणवणारी माणसं एकेक डॉलरची पावती फाडत फिरली.

सिनेटर एलिझाबेथ वॉरन तुम्हाला आवडल्या असत्या, हे मला माहीत आहे. प्रत्येक प्रश्नावर त्यांच्याकडे योजना तयार, आकडेमोडीसकट. वर सभा संपल्यावर प्रत्येकाबरोबर सेल्फी. पण काकांना बाई चालेल का? ज्याला विचाराल तो सांगे, ‘मला काहीच अडचण नाही हो, पण लोकांना…’ हे वाक्य आपण स्थळांच्या बाबतीत इतक्यांदा ऐकलंय की पुढचं ऐकायची गरजच नाही. एका पाहणीत लोकांना विचारलं, जादूची कांडी फिरवून थेट कुणाला खुर्चीत बसवाल? तर वॉरन पुढे. आणि मत कुणाला देणार? तर माजी उपाध्यक्ष जो बायडन पुढे. कांडी नसल्यामुळे वॉरन बाई स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्येही तिसऱ्या आल्या.

बर्नी सँडर्स? माणूस तळमळीचा, पण निवडून यायचा अपक्ष म्हणून आणि तिकीट मागायचा पक्षाचं. आयात उमेदवार! पीट बुटिजेज यांच्याकडे हार्वर्डची पदवी, अफगाणिस्तानातली लष्करी सेवा, अर्धा डझन भाषा. पण पद कुठलं, तर लाखभर वस्तीच्या साउथ बेंडचं महापौरपद, म्हणजे बार्शीच्या नगराध्यक्षांनी एकदम राष्ट्रपती भवनाचे पडदे पसंत करायला जाण्यातला प्रकार. शिवाय त्यांना नवरा होता, आणि काकांना म्हणे तेही विचारावं लागणार होतं. अँड्र्यू यांग प्रत्येकाला महिन्याला हजार डॉलर द्यायचं म्हणत होते. लोक हसले. आता महाराष्ट्रात कुणी त्या कल्पनेवर हसून दाखवावं.

न्यूयॉर्कचे अब्जाधीश माजी महापौर मायकल ब्लूमबर्ग यांनी पदरचे ९० कोटींहून अधिक डॉलर ओतले आणि अमेरिकन समोआ जिंकलं. फक्त अमेरिकन समोआ. ही बेटं कुठे आहेत ते नकाशात शोधा, तेवढाच त्या पैशाचा शैक्षणिक उपयोग.

उमेदवारांची परीक्षा मात्र कडक असते, हे मान्य करायला हवं. ऑगस्टात आयोवा राज्याच्या जत्रेत जाऊन लोण्याची अख्खी गाय बघायची, काडीला टोचलेला डुकराच्या मांसाचा तुकडा कॅमेऱ्यासमोर प्रसन्न चेहऱ्याने खायचा. तिथे बरणीत मक्याचे दाणे टाकून मतचाचणी होते. मग हिवाळ्यात शर्यतीचं पहिलं मतदान. त्यासाठी २०२० पर्यंत शाळेच्या जिममध्ये, चर्चमध्ये गावकरी जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. ज्याच्या कोपऱ्यात १५ टक्केही माणसं नसत, त्याच्या माणसांना बाकीचे कोपरे ‘या, या’ म्हणून बोलावत. बरोबरी झाली तर नाणं उडवत. २०२० मध्ये हे सगळं आधुनिक करायला एक अ‍ॅप आणलं. ते बसलं आणि निकाल कित्येक दिवस लटकला. ईव्हीएमवरून भांडणाऱ्यांनी एकदा आयोवाला जाऊन यावं.

बायडन तिथे चौथे आले. पुढे न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. १९८८ आणि २००८ च्या शर्यतींतून आधीच बाहेर पडलेले, तिसऱ्यांदा घोड्यावर बसलेले, ७७ वर्षांचे. पण त्यांच्या पत्नीने आधीच लोकांना सांगून ठेवलं होतं, की तुम्हाला दुसरं कुणी जास्त आवडत असेल, पण जिंकणार कोण ते बघा. काकांना काय आवडेल, तर काकांसारखा दिसणारा माणूस, हे उत्तर सगळ्यांना एकदमच सुचलं. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात बायडन जिंकले. दुसऱ्या दिवशी बुटिजेज यांची माघार, तिसऱ्या दिवशी सिनेटर एमी क्लोबुचर यांची, त्याच संध्याकाळी डॅलसमध्ये दोघांचा बायडन यांना पाठिंबा आणि चौथ्या दिवशी, एकाच वेळी मतदान असलेल्या चौदा राज्यांपैकी दहा खिशात. वर्षभर केलेली तुलना चार दिवसांत आटोपली.

आणि अंदाज बरोबर निघाला हो! नोव्हेंबरात विस्कॉन्सिन मिळालं, जेमतेम वीस हजार मतांनी. आता पंचाईत अशी, की हा मंत्र कायमचा डोक्यात बसला. पुढच्या खेपेला बायडन यांच्यासमोर पक्षातलं धडपणे कुणी उभंच राहिलं नाही. जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी माघार घेतल्यावर तिकीट मिळालं कमला हॅरिस यांना, ज्या २०१९ च्या डिसेंबरातच, एकही मत पडायच्या आत, शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. काकांनी या वेळी नाही म्हटलं.

राहता राहिली तुमची पाळी. न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, जूनमध्ये असते. २०२० मध्ये करोनामुळे ती ७ जुलैला ढकलली गेली. तिकिटाला लागणारे १९९१ डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी, बायडन यांनी तोवर कधीच गोळा केले होते. म्हणजे तुमची मतपत्रिका घरी येईपर्यंत काकांचं टेन्शन संपलेलं असतं. तेव्हा निवांत चहा घ्या, पेन घ्या आणि मनापासून जो आवडतो त्याच्याच नावापुढे खूण करा. नाव छापलेलं असलं तर.