उपलब्ध

मला रात्री झोप येत नाही. ही तक्रार चौघांना सांगितली, तेव्हा तिघांनी मोबाइल लांब ठेवायला सांगितलं आणि चौथ्याने एक पुस्तक सुचवलं. झोपेवरचं, चांगलं चारशे पानी. नवी उशी आणि नवी गादी घेऊन आधीच हात पोळले होते, त्यामुळे पुस्तक विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. सकाळी दहा वाजता मी शहरातल्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयात दाखल झालो. अर्ध्या तासाचं काम, असं घरी सांगून.

दारात पिशवी ठेवून बिल्ला घ्यायचा असतो. हा बिल्ला मी दर वेळी इतका जपून ठेवतो की परत निघताना तो मलाही सापडत नाही. पण ते नंतर.

आतल्या संगणकावर पुस्तकाचं नाव टाकलं. क्रमांक आला 613.794 आणि शेजारी हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’. अनुभवी सभासदाला या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. पुस्तक चोरीला गेल्याचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, इतकाच. मी अनुभवी नव्हतो. उड्या मारत कपाटांकडे गेलो.

पुस्तकांना विषयवार लावायचे हे आकडे मेलविल ड्यूई नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाच्या डोक्यातून निघाले. 1876 साली, वयाची पंचविशीही गाठली नसताना, त्याने जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत कोंबलं आणि ते कसं कोंबायचं हे 44 पानांत छापून काढलं. माणूस इतका काटकसरी की त्याने स्वतःच्या नावाच्या स्पेलिंगमधली जास्तीची अक्षरंसुद्धा छाटून टाकली होती. आमच्या घरात मोज्यांचा एक खण आहे, त्यातही जोड्या लागत नाहीत. म्हणून मला या माणसाबद्दल आदर आहे. पण त्याच्या कपाटांमधून सरळ चालत जाणं कुणाला जमत असेल तर तो वाचक नव्हे, पोस्टमन.

मी 100 पासून, म्हणजे तत्त्वज्ञानापासून निघालो. वाटेत 133 ला भुतं लागली. तत्त्वज्ञानाच्या घरात भुतं काय करतात हे बघायला थांबलो, तर थोडं पुढे 150 ला मानसशास्त्र. शेजार बरोबर होता. मध्यरात्री भूत दिसलं तर माणसाने पुढे कुठे जावं, हे ड्यूईने ठरवूनच ठेवलेलं. तसंच 616 ला सगळे रोग आणि 641 ला स्वयंपाक. इथे मात्र क्रम उलटा वाटला, पण आमच्या घरात या विषयावर बोलायची सोय नाही.

613 ला पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. आणि 613.794 च्या जागी फट होती. दात पडल्यावर असते तशी, आणि जीभ तिकडेच जावी तसा माझा हात तिकडेच जात राहिला. आजूबाजूचं बघू म्हणून कपाटामागून कपाट करत 599 पर्यंत मागे गेलो, तिथे जमिनीवर मांडी घालून डॉल्फिनवरचं एक प्रकरण वाचलं. डॉल्फिन एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतो. उरलेला अर्धा जागा राहून श्वासाचं बघतो. मला हेवा वाटला. माझ्या मेंदूचे दोन्ही भाग रात्रभर एकमेकांशी भांडत जागे असतात. जुन्या पानांना किंचित व्हॅनिलासारखा वास येत होता. कागदात लाकडातून आलेलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, ते कुजताना असा वास सुटतो म्हणे. कुजण्याचा इतका चांगला वास दुसरीकडे कुठे घेतल्याचं मला आठवत नाही.

देवघेवीच्या टेबलाशी गेलो.

“मॅडम, 613.794 जागेवर नाही.”

“जागेवर नाही म्हणजे कुणीतरी वाचतंय. वाचनकक्षात बघा,” त्या शिक्के मारता मारता म्हणाल्या. त्यांच्या मागे भिंतीवर रंगनाथन यांचे ग्रंथालयाचे पाच नियम चौकटीत लावले होते. गणित शिकवणारा हा माणूस ग्रंथपाल झाला आणि 1931 साली त्याने हे नियम पुस्तकरूपाने मांडले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. मी घड्याळ बघितलं. दोन वाजत आले होते.

वाचनकक्षात ‘येथे झोपू नये’ अशी पाटी होती आणि पाटीखाली पाचजण झोपले होते. त्यातले तिघे अर्ध्या मेंदूने. शिपाई जवळ आला की पान उलटत. कोपऱ्यातले एक काका मात्र पूर्ण विश्वासाने झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा कपाळावर, आणि गालाखाली एक जाडजूड पुस्तक. मी वाकून पुस्तकाच्या कण्यावरचा क्रमांक वाचला.

613.794.

उठवावं का? उठवलं असतं तर त्या पुस्तकाचाच अपमान झाला असता. इतका गुण आलेलं पुस्तक मी तरी आजवर पाहिलं नव्हतं. शिवाय रंगनाथन यांचा पहिला नियमच आहे, पुस्तकं वापरासाठी असतात. कसा वापर, ते त्यांनी चौकटीत लिहिलेलं नाही.

काका उठेपर्यंत थांबायचं ठरवलं. परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगातून मुंग्यांवरचा एक ठोकळा उचलला आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो. राणीमुंगी, कामकरी मुंग्या, पुन्हा कामकरी मुंग्या. पंखा गरगरत होता. कुणीतरी अतिशय सावकाश वर्तमानपत्राची घडी घालत होतं. त्या आवाजासाठी लोकांनी पैसे मोजायला हवेत. मुंग्या रांगेने चालल्या होत्या. मी मोजायला लागलो.

खांद्यावर टकटक झाली तेव्हा खिडकीबाहेर दिवे लागले होते. समोरची खुर्ची रिकामी. काका गेले होते, पुस्तकही गेलं होतं, बहुधा रीतसर नोंदवून घरी. माझ्या गालावर मुखपृष्ठाचा उठाव जाणवत होता. शेजारी एक बाई हातात चिठ्ठी धरून उभ्या होत्या. चिठ्ठीवर 595.796 लिहिलेलं होतं.

“तुमचं मुंग्यांचं झालं असेल तर...” त्या हळूच म्हणाल्या. “संगणकावर उपलब्ध दाखवतंय.”