आग थांबली म्हणजे परमा गेला, असं नाही

कात्रजला माझं मेडिकल आहे. गिऱ्हाईक आधी डोकेदुखीची गोळी घेतं, मग सर्दीची, आणि दुकान रिकामं झालं की हळूच म्हणतं, "लघवीला आग होतेय, जरा स्ट्राँग काहीतरी द्या." उन्हाळ्याचं कारण तयारच असतं. पू येतोय का, असं विचारलं की मान खाली. बरेच जण नाव घेऊन सिप्रोफ्लॉक्सासिन मागतात, कुणा मित्राला कधीकाळी लागू पडलेली असते. पण हा बहुधा परमा असतो, म्हणजे गोनोरिया, संबंधांतून लागणारा आजार, आणि त्याचे जंतू त्या गोळीला आता सर्रास दाद देत नाहीत. त्याआधी सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सगळी औषधं त्यांनी अशीच पचवली. याच आजारावरची दुसरी गोळी, सेफिक्सिम, तर २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे, चिठ्ठी दाखवून रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय ती देता येत नाही. "ओळखीत आहे ना शेठ" म्हणून सुद्धा नाही.

पण माझा खरा राग गोळीवर नाही. पुरुषाला दोन ते सात दिवसांत त्रास सुरू होतो, म्हणून तो निदान औषध शोधत फिरतो. बाईला बहुतेकदा काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर अंगावरून पांढरं जातं, आणि ते "असतंच बायकांना" म्हणून सोडून दिलं जातं. जंतू वर सरकत गर्भनलिकेपर्यंत जातात, आतून सूज येते, नळ्या बंद होऊ शकतात. मग दोन-तीन वर्षांनी सासूबाई गोड बातमीची वाट बघतात, तपासण्यांच्या फेऱ्या सुरू होतात आणि सगळ्या सुनेच्या. नवरा रिसेप्शनपाशी मोबाईल बघत बसलेला. त्याच्या त्या जुन्या "उन्हाळ्याचा" उल्लेख कुणीच करत नाही! दिवस राहिले तरी नळीतच गर्भ राहण्याचा धोका असतो, आणि बाळंतपणात संसर्ग असेल तर बाळाच्या डोळ्यांवर बेततं.

म्हणून माझं म्हणणं, एकट्यानं उपचार घेणं हा अर्धवटपणा आहे. घरी सांगणं जड जातं, कबूल. पण तिला न सांगता तिचा उपचार होत नाही, आणि तिच्याकडून परमा पुन्हा तुम्हालाच होणार. एकदा होऊन गेला म्हणून शरीर पुढच्या वेळी वाचवत नाही.

उपचार तसा फार मोठा नाही. बहुधा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एक इंजेक्शन, सोबत क्लॅमिडियाची, म्हणजे असाच संबंधांतून लागणाऱ्या दुसऱ्या आजाराची, शंका असेल तर त्याचं औषध. सरकारी दवाखान्यांतल्या गुप्तरोगांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये हे फुकट होतं. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही त्याच वेळी करून घ्या. स्वारगेटच्या बाजूला भिंतींवर "गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी" वाचून जाऊ नका, एवढं ऐका.

उपचारानंतर सात दिवस दोघांनीही संबंध टाळायचे, पुढे कंडोम. माझ्याकडे तो कागदात गुंडाळून मिळतो, कुणी बघत नाही. आणि हा आजार कमोडवरून होत नाही. ते कारण घरी सांगू नका, मला तर अजिबात सांगू नका.