जोखीम पाहुण्याची म्हणता, मग माहिती कोणाकडे होती?

रिसॉर्टमध्ये उतरलेल्या एखाद्या पाहुण्यावर वन्यप्राण्याने हल्ला केल्याची बातमी आली की काही तासांतच समाजमाध्यमांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: प्राणी तिथे आधीपासून राहत होते, माणूस त्यांच्या घरात गेला. वन्यप्राण्यावर कोणाचेच नियंत्रण नसते, त्यामुळे रिसॉर्टला जाब विचारता येत नाही. फलक लावलेला होता, धोका स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारल्याच्या जोखीमपत्रावर सहीही घेतलेली होती. बळी मुलाचा गेला असेल, तर आईवडिलांचे लक्ष कुठे होते? शेवटी इशारा दिलेला असतो की, ही जबाबदारी रिसॉर्टवर टाकली तर जंगलांना कुंपणे पडतील आणि प्राणीच मारले जातील. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या अनेकांना निसर्गाविषयी खरी आस्था असते, आणि म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘प्राणी आधीपासून तिथेच होते’ हे बहुतेक ठिकाणी खरे आहे. पण या वाक्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. प्राणी आधीपासून तिथे असतील, तर त्या जागेवर व्यवसाय उभारणाऱ्याला ते ठाऊक असणार, आणि त्याच जागेकडे पाहुण्याला त्याने स्वतः बोलावलेले असते. 14 जून 2016 रोजी फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एका रिसॉर्टमध्ये जे घडले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथले तळे कृत्रिम होते, त्याच्या काठी वाळू पसरून समुद्रकिनाऱ्यासारखी जागा केलेली होती आणि संध्याकाळी पाहुण्यांना तिथेच बाहेर चित्रपट दाखवला जात असे. अंधार पडल्यावर काठावरच्या उथळ पाण्यात उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरीने ओढून नेले. काठावर ‘पोहू नये’ असा फलक होता, मात्र त्यावर मगरींचा उल्लेख नव्हता. ते कुटुंब पोहत नव्हते, म्हणजे फलकाचा शब्दही त्यांनी मोडलेला नव्हता. ते नेब्रास्काहून आलेले होते, जिथे जंगली मगरी आढळतच नाहीत. दुसऱ्या बाजूला, वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एकूण परिसरातून त्याआधीच्या दहा वर्षांत दोनशेहून अधिक उपद्रवी मगरी पकडून हलवण्यात आल्या होत्या. मगर संध्याकाळनंतर अधिक सक्रिय होते, हे फ्लोरिडात मगरींशी संबंधित काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. हे सगळे व्यवस्थापनाला ठाऊक असताना, संध्याकाळची करमणूक पाण्याच्या काठावर ठेवण्याचा निर्णय मगरीने घेतला नव्हता. दुर्घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत तिथे मगरी आणि साप यांचा स्पष्ट उल्लेख असलेले फलक आले, दोरखंडाचे अडथळे आले आणि पुढे दगडी बांधही घातला गेला. जे दिवसांत करता आले ते आधीही करता आले असते, असे मी म्हणतो, आणि हे म्हणताना त्या कुटुंबाने कंपनीवर दावा दाखल केला नाही याचीही मला जाणीव आहे. खटला भरला गेला नाही म्हणून जबाबदारी नव्हती, असे ठरत नाही.

नियंत्रणाचा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यामागे कायद्याची जुनी परंपरा आहे. इंग्लंड आणि अमेरिकेच्या न्यायपरंपरेत वन्यप्राणी कोणाच्याही मालकीचा मानला जात नाही, त्यामुळे त्याने केलेल्या इजेसाठी जमीनमालक सहसा जबाबदार धरला जात नाही. या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे आहे. तिथल्या एका आखीव निवासी वसाहतीतील तळ्यात 2007 मध्ये 83 वर्षांच्या महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि 2012 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वसाहतीच्या व्यवस्थापनाच्या बाजूने निकाल दिला. पण तो निकाल कशावर उभा होता, हे पाहिले पाहिजे. त्या महिलेला परिसरातील मगरींची माहिती होती, म्हणजे धोक्याचे ज्ञान दोन्ही पक्षांना सारखेच होते, हा त्यातला निर्णायक आधार होता. रिसॉर्टमध्ये दोन रात्रींसाठी आलेल्या परप्रांतीय पाहुण्याच्या बाबतीत हाच आधार उरत नाही. कोणत्या पायवाटेवर रात्री काय फिरते, कोणत्या ऋतूत पाण्यात काय येते, हे रिसॉर्टला वर्षानुवर्षांच्या वावरातून कळलेले असते. पाहुण्याला ते कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नसतो. माझ्या मते जबाबदारीची खरी सीमारेषा या विषमतेतून निघते.

शिवाय, प्राण्यावर नसले तरी वास्तूवर, अन्नावर आणि कचऱ्यावर रिसॉर्टचे पूर्ण नियंत्रण असते. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात 2012 च्या उन्हाळ्यात दहा जणांना उंदरांच्या मलमूत्रातून पसरणाऱ्या हंताविषाणूची लागण झाली आणि त्यांतील तिघे दगावले. बहुतेक रुग्ण दुहेरी भिंतींच्या नव्या तंबूवजा खोल्यांत राहिले होते. त्या भिंतींमधील उष्णतारोधक थरात उंदरांनी बिळे केल्याचे आढळले आणि 91 खोल्या बंद कराव्या लागल्या. उंदीर त्या डोंगरात शतकानुशतके होते, पण पाहुण्याच्या उशाशी त्यांना निवारा मिळाला तो बांधकामाच्या रचनेमुळे. त्याच उद्यानात अस्वलांचा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. 1998 मध्ये अस्वलांनी गाड्या फोडण्याच्या आणि अन्न पळवण्याच्या दीड हजारांहून अधिक घटना घडल्या होत्या. पुढे अन्न ठेवण्यासाठी अस्वलाला न उघडता येणाऱ्या लोखंडी पेट्या, कचऱ्याची कडक व्यवस्था आणि नियमांची अंमलबजावणी यांमुळे हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. अस्वले तीच होती.

फलकाविषयी इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या 1957 च्या ब्रिटिश कायद्यातील तरतूद मला मार्गदर्शक वाटते. जागेचा ताबा असलेल्याने केवळ इशारा दिला म्हणून तो जबाबदारीतून मोकळा होत नाही. त्या इशाऱ्यामुळे पाहुण्याला प्रत्यक्ष सुरक्षित राहणे शक्य झाले पाहिजे, असे ती सांगते. कोणता प्राणी, कोणत्या जागी, कोणत्या वेळी आणि त्यासाठी नेमके काय टाळायचे, हे चित्रासह सांगणारा फलक हा इशारा ठरतो. ‘सावधान’ एवढेच लिहिलेली पाटी पाहुण्याला काहीच सांगत नाही. चांगला फलक असला, तरी कर्मचाऱ्याचा शब्द त्याच्यावर मात करू शकतो, हेही विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियातील काकाडू राष्ट्रीय उद्यानात 2002 मध्ये मगरींचा इशारा देणारे फलक असतानाही सहलीच्या वाटाड्याच्या भरवशावर पर्यटक रात्री पाण्यात उतरले आणि एका जर्मन तरुणीचा खाऱ्या पाण्यातील मगरीने बळी घेतला. त्या वाटाड्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. अनोळखी मुलखात माणूस पाटीपेक्षा सोबतच्या जाणकारावर विश्वास ठेवतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

जोखीमपत्रावरील सहीबद्दल थोडक्यात सांगता येईल. ब्रिटनमध्ये 1977 च्या कायद्यापासून निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कोणत्याही व्यावसायिकाला कराराने झटकता येत नाही. इतर देशांत नियम वेगळे आहेत, पण न सांगितलेल्या धोक्याला पाहुण्याने संमती दिली होती, असे म्हणणे कुठेही न्यायाचे नाही.

आईवडिलांवरचा आरोप मला सर्वांत क्रूर वाटतो. लहान मुलावर लक्ष ठेवणे हे पालकांचे कर्तव्य आहेच, त्याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण पालक ज्या धोक्याविषयी जाणतो, त्याच धोक्याविरुद्ध तो सावध राहू शकतो. फ्लोरिडातील त्या मुलाचे वडील जवळच होते आणि त्यांनी मगरीच्या जबड्यातून मुलाला सोडवण्याची धडपडही केली. वर उल्लेख केलेला ब्रिटिश कायदा तर स्पष्टच सांगतो की, मुले प्रौढांइतकी सावध नसणार हे गृहीत धरूनच जागेची व्यवस्था करावी. कुटुंबांना सहलीचे आमंत्रण देणाऱ्या व्यवसायाला ‘मुले पाण्याजवळ जातील याची कल्पना नव्हती’ असे म्हणता येत नाही.

राहिला कुंपणांचा आणि प्राणी मारले जाण्याचा इशारा. यातील भीती खरी आहे, मात्र तिचे कारण चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. प्राणी मारले जातात ते दुर्घटना घडल्यानंतर. 2016 मध्ये फ्लोरिडात त्या मुलाला नेणाऱ्या मगरीच्या शोधात अनेक मगरी मारून तपासल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाच्या फ्रेझर बेटावर 2001 मध्ये डिंगो जातीच्या रानकुत्र्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला, तेव्हा तीसच्या आसपास डिंगो मारण्यात आले. पर्यटकांनी खाऊ घातल्याने आणि उघड्या अन्नामुळे त्या प्राण्यांची माणसांविषयीची भीती आधीच मोडलेली होती. पाहुण्याचे रक्षण आणि प्राण्याचे रक्षण यांत वैर मानणाऱ्यांनी या दोन घटनांकडे पुन्हा पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि उपाय म्हणजे दर वेळी कुंपणच असते, असे नाही. आफ्रिकेतील अनेक कुंपणरहित निवासांमध्ये अंधार पडल्यावर पाहुण्याला खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत एकटे जाऊ दिले जात नाही. प्रशिक्षित माणूस सोबत येतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात काही मिनिटांत जीव घेऊ शकणारे बॉक्स जेलीफिश येतात. तिथे पोहण्याच्या जागांना जाळी लावतात, अंगभर झाकणारा पोशाख देतात आणि किनाऱ्यावर व्हिनेगर ठेवतात. मण्यार रात्री घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. ती आढळते तिथे जमिनीऐवजी खाटेवर अंथरूण, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, खोलीबाहेर दिवा आणि सापाच्या विषावरील औषध (अँटिव्हेनम) असलेल्या जवळच्या रुग्णालयापर्यंत जायला रात्रीही तयार असलेली गाडी, एवढ्याने जीव वाचू शकतो. यांतील एकाही उपायासाठी जंगलाला कुंपण घालावे लागत नाही की प्राणी मारावा लागत नाही. सगळे करूनही एखादी दुर्घटना घडू शकते, आणि तेव्हा रिसॉर्टला दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु हे उपाय न करता, माहिती स्वतःजवळ ठेवून ज्याने खोली विकली, त्याला ‘निसर्ग आहे’ या उत्तराचा आधार घेता येणार नाही.