परवाना म्हणजे मिरवायची मुभा नव्हे

'परवाना असेल तर कमरेला पिस्तूल दिसेल असं लावण्यात गैर काय, उलट वचक राहतो,' हे मी वाचलेल्या एका लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांतला नियम 32 वाचा. सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेलीच हवी आणि ती बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी. ती काढून दाखवायलाही सक्त मनाई आहे. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तर लग्नात किंवा मिरवणुकीत बेदरकार गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आमच्याकडे कोकणात पीकसंरक्षणाची दुनळी बंदूक होती. रानडुकरं रात्रीत भाताचा चोथा करायची म्हणून काढलेली. वडील ती खोळीत घालूनच घराबाहेर न्यायचे, काडतुसं वेगळ्या पिशवीत. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची. गावात कित्येकांना आमच्याकडे बंदूक आहे हे ठाऊकही नव्हतं. याउलट दोन वर्षांपूर्वी एका लग्नात एक पाहुणे सदरा मुद्दाम वर खोचून पिस्तूल दाखवत फिरत होते. माझ्या बहिणीने मुलांना उचललं आणि जेवण अर्ध्यावर सोडून ती मांडवाबाहेर गेली. तिच्या मागून आणखी दोघीतिघी उठल्या. त्या माणसाकडे परवाना आहे की नाही, हे त्यांना कळणार कसं? लेखकाला यात वचक दिसतो. मला त्या बायकांचे घाबरलेले चेहरे आठवतात.