टोमॅटोची चकती, खडी आणि रोजचं पाणी: त्या संदेशात काय चुकतं

मुलांसोबत भाजी लावण्याबद्दलचा एक संदेश बराच फिरतो: कुंडीच्या तळाला खडी घाला, टोमॅटोची चकती मातीत पुरा, मुलांना रोज पाणी घालायला सांगा, वर केळीची साल आणि अंड्याची टरफलं टाका, खिडकीत टोमॅटो लगडतील. तसंच करून रोप गेलं, की मुलाला वाटतं चूक आपलीच. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘चकती पुरा.’ रोपं उगवतात, हे खरं. पण एकाच जागी दाटीने उगवतात आणि उपटून विरळ केली नाहीत तर सगळीच किडमिडीत राहतात. त्यापेक्षा बी धुऊन, वाळवून अर्धा ते एक सेंमी खोल पेरा. १५-२० लिटरच्या कुंडीत एकच रोप ठेवा, आणि जागा अशी हवी जिथे रोज किमान ६ तास थेट ऊन येतं. एवढं करूनही बी पेरल्यापासून फळ हाती यायला साधारण तीन महिने लागतात. पाच वर्षांच्या मुलासाठी ती फार लांबची वाट आहे. पहिल्यांदा लाल मुळा लावा: ४-५ दिवसांत अंकुर, महिन्याभरात मुळा. किंवा बुटका घेवडा. त्याचं टपोरं बी चिमुकल्या बोटांत नीट धरता येतं, २-३ सेंमी खोल खोचायचं.

‘रोज पाणी.’ सर्वांत जास्त कुंड्या याने जातात. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पानं माना टाकतात. तहानलेलं रोपही असंच दिसतं, त्यामुळे मूल आणखी पाणी ओततं. मुलाला वेळापत्रक देऊ नका, बोटाची परीक्षा शिकवा: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, ओल लागली तर आज पाणी नाही, कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं. बी उगवेपर्यंत मात्र वरची माती फवाऱ्याने ओलसर ठेवावी लागते.

‘तळाला खडी.’ निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, मातीच्या बुडाशीच साचतं. वर मुळांची जागाही कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. माती, कंपोस्ट आणि भिजवून पिळलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समान भागांत मिसळून कुंडी भरा. नुसती माती काही पाण्यांतच दगडासारखी घट्ट बसते.

‘साल आणि टरफलं.’ साल कुजल्याशिवाय रोपाला उपयोग नाही; उघड्यावर ती फक्त चिलटं बोलावते. टरफलं कॅल्शियमसाठी टाकतात, पण ती विरायला फार काळ लागतो. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेव्हा बहुतेकदा मातीत कॅल्शियम असतंच, पण पाणी कधी जास्त कधी कमी मिळाल्याने ते फळापर्यंत पोचत नाही. साल आणि टरफलं दोन्ही कंपोस्टात टाका.

वजनाबद्दल संदेशात अवाक्षर नाही. २० लिटरची भिजलेली कुंडी सहज २० किलोच्या घरात जाते. ती कठड्यावर नको, जमिनीवरच ठेवा, आणि कठड्यापासून लांब, म्हणजे मूल तिच्यावर चढून बाहेर वाकणार नाही.