छड्या खाल्ल्या म्हणून गणित आलं?

सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: आमच्या पिढीनं पाढे घोकले, छड्या खाल्ल्या, म्हणून आमचा हिशेब पक्का. गणित मुळात डोक्यात असावं लागतं. खेळातून शिकवणं हा टाइमपास, एकेका पोराकडं वेगळं बघणं हे श्रीमंतांचे चोचले, आणि अशी पोरं स्कॉलरशिपला टिकत नाहीत. मी संध्याकाळी शिकवणी घेतो, त्यामुळं गप्प बसवेना.

पाढे पाठ हवेतच, निमकी म्हणजे अर्ध्याचा पाढासुद्धा. हळदीचा दर क्विंटलला 14,250 निघाला तर 50 किलोच्या पोत्याचे 7,125, हे जिभेवर असलेलं बरंच. पण पाढे आले ते रोज म्हटल्यानं. त्याचं श्रेय छडीला कशाला? त्याच छड्यांच्या भीतीनं शाळा सोडलेली पोरं या मजकुरात कुठंच नाहीत. (2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे, ते वेगळंच.)

'डोक्यात असावं लागतं' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. 52 वजा 38 याचं उत्तर एखादं पोरगं 26 लिहितं. आपण म्हणतो, डोकंच नाही. पण जरा विचारा की कसं आलं. ते सांगतं, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला पहिलीत आपणच शिकवलेलं. त्यानं ते इमानानं पाळलं. आता शिक्षा म्हणून अशी पन्नास उदाहरणं घातली तर चुकीची रीत पन्नास वेळा घोटली जाते. त्यापेक्षा त्याच्या हातात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या आणि 38 रुपये मागा. ते स्वतःच म्हणतं, "सर, सुट्टे द्या की." नोट मोडली की दशक सुटा झाला. लगेच तीच वजाबाकी वहीत मांडून घ्यायची, हे मात्र चुकवायचं नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास 2025 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. ही मुलं अवघड व्यवहार तोंडी अचूक करत होती, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेलं गणित त्यांना जमत नव्हतं. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं. हा सांधा आपोआप जुळत नाही, कुणीतरी जुळवून द्यावा लागतो.

नदीकाठच्या पोराला मी नोटा देत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 33 फूट 8 इंच आहे, इशारा पातळी 40 फूट, अजून किती चढायचं? 6 फूट 4 इंच. इथं उसना घेतला की दहा नाही, बारा मिळतात, आणि हे त्याला पटकन उमगतं.

चोचल्यांचं म्हणाल तर 'प्रथम' संस्थेनं 2000 नंतरच्या काही वर्षांत मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना नेमलं. मागे पडलेल्या 15 ते 20 मुलांना त्या रोज साधारण दोन तास पायापासून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी ते तपासलं, तर गुण खरंच वाढले होते. पोरगं कुठल्या पायरीवर अडलंय हे बघायला पैसे लागत नाहीत, बघणारा लागतो.

खेळ म्हणजे टाइमपास, हे अर्धं खरं. दिल्लीच्या बालवाड्यांवरचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात खेळांनी मुलांचा संख्यांचा अंदाज सुधारला, पण पुढं शाळेच्या गणितात फरक पडला नाही, बहुधा खेळांत अंक आणि चिन्हं नव्हती म्हणून. उलट वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचेच खेळ दिले, तेव्हा गणिताचे गुण चांगलेच वाढले. म्हणून खेळात गणित पाहिजे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 घ्या. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. 2019 घेतलं तर 9081, 9621, 8352 आणि मग 6174. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं पोचतंच. आपली जन्मसालं, गाड्यांचे नंबर घेऊन पोरं उसन्याच्या इतक्या वजाबाक्या करतात की गृहपाठात तेवढ्या दिल्या तर पालकच भांडायला येतील.

राहिली स्कॉलरशिप. पहिल्या पेपरात भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न, वेळ दीड तास, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. तिथं वेग हवा, जुने पेपर सोडवायला हवेत, कबूल. पण ज्याचं 52 वजा 38 अजून 26 येतंय, त्याच्यापुढं सराव पेपरांचा गठ्ठा टाकून काय साधणार? जूनचे पंधरा दिवस नोटा-नाण्यांवर जाऊ द्या, घड्याळ मग लावा.