वीट कोणत्या बाजूनं जोडायची?

बोरॉनचे पिंजरे (अणू जोडून झालेले पिंजऱ्यासारखे रेणू) म्हणजे नव्या पदार्थांच्या विटा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण वीट कशी जोडायची, हे राहून गेलं. कार्बोरेन हा असाच एक बोरॉन-कार्बनचा पिंजरा. त्याला 12 कोपरे, प्रत्येकावर एक अणू: 10 बोरॉनचे, 2 कार्बनचे. कार्बन शेजारी-शेजारी असले तर ऑर्थो, समोरासमोर असले तर पॅरा, या दोन्हींच्या मधल्या अंतरावर असले तर मेटा. कार्बनच्या जागी जोडत गेलं तर पॅरानं साखळी सरळ जाते, ऑर्थोनं वळते. आणि ऑर्थो साधारण 450 अंश सेल्सिअसला तापवला तरी पिंजरा मोडत नाही, नुसते कार्बन जागा बदलून मेटा होतो! केवढा चिवट रेणू!

लातूरकडं बारावीला शिकवते मी. ज्वारीच्या धाटाच्या भेंडाचे 12 तुकडे अन् सालट्याच्या 30 काड्या घेऊन पोरांनी हा पिंजरा बांधला (लहानपणी आम्ही त्याच्या बैलगाड्या करायचो). पुढच्या लेखात या जोडणीवर सविस्तर लिहा, वर्गात वाचून दाखवीन.